सेव्हिलमध्ये जिवाची मुंबई

युरोपची सहल करून आलेल्या मराठी मंडळींना 'तिकडे खाण्यापिण्याचे काय केलेत?' असे विचारले, की उत्तर बहुधा ठरलेले असते. 'काही काळजीच नव्हती हो! आचारी बरोबरच होता. रोज वरण-भात, पोळी-भाजी. एक दिवस तर चक्क श्रीखंड!' परक्या मुलुखात घरचा घास मिळणे ही सोय खरीच, विशेषतः वयस्कर आणि पथ्यपाणी सांभाळणाऱ्या प्रवाशांसाठी. पण पंधरा दिवसांत सात देश पाहून आलेल्या माणसाने त्यातल्या एकाही देशाचे अन्न चाखलेले नसते, तेव्हा कुठेतरी चुकल्यासारखे वाटते.

बरे, चाखायचे ठरवले तरी प्रश्न तीन. पहिला पैशाचा, कारण मनातल्या मनात युरोचे रुपये करण्याची सवय सुटत नाही. दुसरा शाकाहाराचा. आणि तिसरा, जो सहसा कोणी बोलून दाखवत नाही, तो म्हणजे 'केवळ माझ्या जिभेसाठी एवढा खर्च कशाला?' हा. आयुष्यभर सर्वांना वाढून मग उरलेसुरले पानात घेणाऱ्या गृहिणीला हा तिसरा प्रश्नच जास्त अडवतो.

या तिन्ही प्रश्नांना एकाच वेळी उत्तर देणारी एक खाद्यपरंपरा स्पेनमध्ये आहे. तिचे नाव तापास. आणि ती अनुभवायची तर दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसिया प्रांताची राजधानी सेव्हिल, म्हणजे तिथल्या लोकांच्या तोंडी 'सेविया', यासारखे शहर नाही.

एक मोकळी संध्याकाळ

समजा, इंदूरचे एक मराठी जोडपे स्पेनच्या सहलीवर आहे. तो नुकताच निवृत्त झालेला, बाहेर गेल्यावर अंडे-मासे खाणारा. ती कट्टर शाकाहारी, अंडेसुद्धा न खाणारी. माद्रिदहून अतिजलद आगगाडीने अडीच तासांत दोघे सेव्हिलला उतरले आहेत. १९९२ साली इथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सुरू झालेली ही स्पेनची पहिली अतिजलद रेल्वे. सकाळभर कॅथीड्रल, राजवाडा आणि हिराल्दा मनोरा पाहून झाला आहे. मे महिन्यातला दिवस. कार्यक्रमपत्रिकेत पुढे लिहिले आहे : 'सायंकाळ मोकळी. जेवण आपापले.'

"अहो, पिशवीत दशम्या आहेत, चटणी आहे. खोलीतच खाऊ या," ती म्हणते.

"दशम्या काय, इंदुरातही मिळतील," तो म्हणतो. "अगं, सराफ्यात रात्री अकराला उभ्याने खायला तुला काही वाटत नाही. मग इथेच काय अडले?"

ही तुलना अगदी चपखल आहे. इंदूरच्या सराफ्यात सोन्याचांदीची दुकाने मिटली, की खाण्याच्या गाड्या लागतात. इथे थोडी कचोरी, तिथे भुट्ट्याचा कीस, पुढे गरम जिलबी असे करत माणूस पोट भरून घरी जातो. एका जागी बसून 'जेवण' असे होत नाही. सेव्हिलचे तापास म्हणजे नेमके हेच. एका ठिकाणी एखाददुसरी बशी, दोन गप्पा, की पुढचे दार. स्पॅनिश लोकांनी या हिंडत खाण्याला क्रियापदच दिले आहे, 'तापेआर'.

झाकणाची गोष्ट

स्पॅनिश भाषेत 'तापा' म्हणजे झाकण. पेल्यावर झाकण म्हणून ठेवलेला पावाचा किंवा मांसाचा तुकडा, असा त्याचा मूळ अर्थ सांगितला जातो. त्यामागे दंतकथाही पुष्कळ. एक सांगते, की तेराव्या शतकातला राजा दहावा आल्फोन्सो आजारी असताना वैद्यांनी त्याला थोड्या मद्याबरोबर थोडेथोडे खायला सांगितले आणि बरे झाल्यावर त्याने खानावळींना रिकाम्या पोटी मद्य देण्यास मनाई केली. दुसरी सांगते, की तेरावा आल्फोन्सो कादिसच्या किनाऱ्यावर थांबला असता वाऱ्याने उडणारी वाळू पेल्यात पडू नये म्हणून चतुर वाढप्याने वर हामोनची चकती ठेवली. या कथांना पुरावा नाही. पण धूळ-माशांपासून पेला झाकण्याची साधी युक्ती खाण्याच्या रीतीत बदलली, हे मात्र पटण्यासारखे आहे.

आज तापा म्हणजे लहान बशीतला कुठलाही पदार्थ. मोजकी ऑलिव्ह असोत की वाटीभर रस्सा. तीच गोष्ट मोठ्या ताटलीत हवी असेल तर 'रासिओन', अर्धी हवी तर 'मेदिया रासिओन'. लहान पावात भरून दिली तर 'मोंतादितो'. हे चार शब्द पाठ केले, की फळ्यावरचे निम्मे अक्षर वाचता येते.

रीतही गावोगाव वेगळी. ग्रानादात पेयाबरोबर एक तापा फुकट येतो. उत्तरेकडच्या सान सेबास्तियानमध्ये पावाच्या तुकड्यावर रचलेले पदार्थ काडीने टोचलेले असतात, म्हणून त्यांना 'पिंचो' म्हणतात. सेव्हिलमध्ये मात्र तापा मागवायचा आणि त्याचे पैसे द्यायचे, हा साधा व्यवहार. साधारणपणे एका तापाला तीन ते पाच युरो पडतात. खास हामोन किंवा कोळंबी असेल तर अधिक.

'बार' म्हणजे तो बार नव्हे

आपल्याकडे 'बार' म्हटले, की डोळ्यांपुढे काळ्या काचा आणि मंद दिवे येतात. घरंदाज बाईने तिकडे पाहायचेही नाही! स्पेनमधला बार वेगळा. सकाळी इथेच शेजारपाजारची माणसे कॉफी आणि ऑलिव्ह तेल लावलेला भाजका पाव खातात. दुपारी इथेच जेवतात. रात्री आजी, सून, बाबागाडीतले बाळ असे सगळे कुटुंब इथेच उभे असते. ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बसवून आलेल्या सत्तरीच्या चार मैत्रिणी एका गोल टेबलाभोवती हास्यविनोद करताना दिसणे हे इथले नेहमीचे दृश्य. एकटी बाई येऊन, एक बशी खाऊन, पैसे देऊन गेली तर कोणी मान वळवून पाहत नाही. २०११ पासून बंदिस्त बार आणि उपाहारगृहांत धूम्रपानाला कायद्याने बंदी असल्यामुळे पूर्वीचा धूरही आता नाही.

मद्य घेतलेच पाहिजे असेही नाही. द्राक्षांचा गोड रस 'मोस्तो' या नावाने मिळतो. शरद ऋतूत मात्र सेव्हिलच्या आसपास याच नावाने नवी कोवळी वाइनही विकली जाते, म्हणून 'सिन आल्कोहोल' म्हणजे 'मद्याविना' हे दोन शब्द जोडलेले बरे. आणि पाणी? २०२२ च्या एका कायद्याने स्पेनमधल्या उपाहारगृहांना गिऱ्हाइकाने मागितल्यास नळाचे पाणी विनामूल्य देणे बंधनकारक झाले आहे. 'आग्वा देल ग्रिफो' म्हणायचे. बाटलीचे दोन-तीन युरो वाचतात.

इंदूरचे जोडपे साडेआठला बाहेर पडते. ऊन अजून भिंतींवर आहे. स्पेनची घड्याळे १९४० पासून मध्य युरोपच्या वेळेवर चालतात. देश मात्र भूगोलाने बराच पश्चिमेला आहे. त्यामुळे मे महिन्यात सेव्हिलचा सूर्य नऊनंतर मावळतो आणि माणसे नऊ-दहाला जेवायला निघतात. दुपारी चार ते आठ या वेळात अनेक स्वयंपाकघरे बंदच असतात. सात वाजता भूक लागणाऱ्या भारतीय पाहुण्याची इथे पंचाईत होते. उपाय एकच, दुपारी थोडे झोपून घ्यायचे!

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारिंगाची झाडे. फळे पाहून नागपूरकराचा हात शिवशिवेल, पण थांबावे. ही नारिंगे कडू आहेत. मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या फुलांच्या वासाने शहर भरून जाते आणि फळांचा उपयोग मुख्यतः मार्मलेडसाठी होतो. स्पॅनिश शब्द 'नारान्हा' हा फारसी-अरबीमार्गे संस्कृत 'नारंग' वरूनच गेलेला. झाडही पूर्वेकडचे, नावही पूर्वेकडचे.

पहिले दार : पालकाची भाजी!

पहिला बार लहानसा. काउंटरमागे छताला डुकराच्या खारवलेल्या तंगड्या ओळीने टांगलेल्या. हाच तो प्रसिद्ध हामोन. ती दारातच थबकते.

"आपण परत जाऊ या का?"

प्रसंग नाजूक खरा. शाकाहारी माणसाला हे दृश्य सोपे नाही आणि ते टाळताही येत नाही, कारण तापास बारमध्ये हामोन असणारच. ज्याला हे मुळीच सहन होत नाही, त्याने शाकाहारी उपाहारगृह शोधावे. सेव्हिलमध्ये तशीही आहेत. पण ज्याला नजर थोडी खाली ठेवून पुढे जाता येते, त्याच्यासाठी फळ्यावर एक ओळ असते : 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस'. पालक आणि काबुली चणे.

ही सेव्हिलची अगदी स्वतःची बशी. तळलेला पाव, लसूण, जिरे, तिखट-गोड लाल पूड आणि थोडे व्हिनेगर असे वाटण खलबत्त्यात कुटतात. ते ऑलिव्ह तेलात पालक आणि शिजलेल्या चण्यांबरोबर मुरू देतात. वर तळलेल्या पावाचा तुकडा. आपल्या डाळ-पालकाच्या पातळ भाजीची ही दूरची मावसबहीणच. जिऱ्याचा वास नाकाशी आला, की परकेपणा निम्मा कमी होतो.

याचे कारण इतिहासात आहे. ७११ साली अरब आणि बर्बर सैन्य स्पेनमध्ये उतरले. सेव्हिल १२४८ पर्यंत मुस्लिम राजवटीखाली होते. त्या पाच शतकांत ऊस, भात, वांगी, पालक, नारिंगे यांची लागवड या भूमीत रुजली. शब्दही रुजले. साखरेला 'आसुकार' म्हणतात. मूळ शब्द आपलाच, 'शर्करा'. शहराजवळून वाहणाऱ्या ग्वादालकिवीर नदीचे नावसुद्धा अरबी 'मोठी नदी' यावरूनच आलेले. सकाळी पाहिलेला हिराल्दा हा मुळात बाराव्या शतकातला मशिदीचा मनोरा, पुढे घंटाघर झालेला. सेव्हिलच्या बशीतही हेच घडलेले आहे. जुने पाडले नाही, वर नवे चढवले.

'सिन हामोन?' ती कागदावर लिहून आणलेला शब्द दाखवते. म्हणजे 'हामोन नाही ना?' काउंटरमागचा माणूस मान डोलावतो. तो स्वतःसाठी 'तोर्तिया दे पातातास'चा तुकडा मागतो. बटाटा-अंड्याची जाड वडी. पालक-चणे साडेतीन युरो, तोर्तिया साडेतीन, एक मोस्तो दोन. पाणी फुकट. एकूण नऊ.

सेव्हिलमध्ये १६७० साली सुरू झालेला 'एल रिंकोन्सियो' नावाचा बार आजही चालू आहे. तिथे गिऱ्हाइकाचा हिशेब लाकडी काउंटरवरच खडूने लिहायची प्रथा आहे. पैसे दिले, की हिशेब पुसला! पालक-चण्यांसाठी हे ठिकाण प्रसिद्ध असल्यामुळे गर्दीही तशीच. दार उघडताच गेले तर उभे राहायला कोपरा मिळतो.

बटाट्याचे माहेर

तोर्तियातल्या बटाट्याचा आणि या शहराचा संबंध जुना. कोलंबसाच्या सफरीनंतर १५०३ साली स्पेनच्या राणीने अमेरिकेशी चालणाऱ्या सर्व व्यापाराचे कार्यालय सेव्हिलमध्ये उघडले. पुढची दोन शतके, १७१७ मध्ये ते कादिसला हलेपर्यंत, नव्या जगाचा माल याच नदीच्या धक्क्याला लागत होता. सोने-चांदी आलीच. पण जगाच्या पोटाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आले ते टोमॅटो, मिरची आणि बटाटे. सेव्हिलच्या एका जुन्या रुग्णालयाच्या हिशेबात १५७३ साली बटाटे विकत घेतल्याची नोंद आहे. युरोपातल्या बटाट्याच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक मानतात. त्या रुग्णालयाच्या इमारतीत आज आंदालुसियाची विधानसभा भरते.

दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेत बटाट्याला 'पापा' म्हणतात आणि आंदालुसियातली सामान्य माणसे आजही 'पापा'च म्हणतात. उरलेल्या स्पेनने त्याची रताळ्याच्या 'बाताता' या नावाशी सरमिसळ करून 'पाताता' केले. पोर्तुगीजांनी 'बाताता' हेच नाव आपल्या किनाऱ्यावर आणले आणि मराठीत 'बटाटा' रुळला. 'पाव' हा शब्दही त्यांच्याच 'पांव'चा. म्हणजे सेव्हिलच्या काउंटरवरची तोर्तिया आणि दादरच्या गाडीवरचा वडापाव यांचे एका बाजूने नाते लागते! आज जिच्याशिवाय आपले पान हलत नाही ती मिरचीसुद्धा याच समुद्रप्रवासाची देणगी.

दुसरे दार : तेलाचा प्रश्न

दुसरा बार नदीपलीकडच्या त्रियाना भागात. कुंभार, खलाशी आणि फ्लामेन्को गायकांची ही जुनी वस्ती. पुलाच्या टोकाशीच त्रियानाची मंडई. तिच्या पोटात सान होर्हे किल्ल्याचे अवशेष जपले आहेत. धर्मद्रोह्यांचा छळ करणाऱ्या इन्क्विझिशनचे ठाणे कधीकाळी त्याच किल्ल्यात होते. आज त्यावर भाजी, मासळी आणि ऑलिव्हची दुकाने थाटली आहेत.

फळ्यावर 'बेरेन्हेनास कोन मिएल' वाचून ती हरखते. वांग्याचे पातळ काप पिठात घोळवून कुरकुरीत तळायचे आणि वरून काकवी सोडायची! होय, काकवीच. 'मिएल दे कान्या', उसाचा आटवलेला रस. मालागाच्या बाजूला हा आजही बनतो. वांगेही पूर्वेकडून गेलेले आणि 'बेरेन्हेना' या नावाचे मूळ अरबी-फारसीमार्गे भारतीय भाषांपर्यंत पोहोचते.

पण कढईत शेजारी मासे तळले जात आहेत. ती कागदावरचे दुसरे वाक्य वाचते : 'एस एल मिस्मो आसेइते देल पेस्कादो?' तेल माशांचेच का?

वाढपी खोटे बोलत नाही. 'सी,' म्हणजे 'हो', असे म्हणून खांदे उडवतो. तिचा चेहरा उतरतो. वांगी समोर आहेत, वासही सुटला आहे, 'कोण पाहते इथे?' असेही मनात येऊन जाते. पण पाहण्याचा प्रश्नच नसतो. घरचा नेम परदेशात पाळायचा की सोडायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ती 'नको' म्हणते.

शाकाहारी प्रवाशाची खरी गोची इथेच होते. पदार्थ दिसतो शाकाहारी आणि अडचण असते कढईत किंवा वरच्या सजावटीत. 'साल्मोरेहो' हा टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल घोटून केलेला थंडगार दाट सार. मूळचा शेजारच्या कोर्दोबाचा. पण वर उकडलेले अंडे आणि हामोनचे तुकडे भुरभुरलेले असतात. 'सिन हामोन, सिन वेवो' म्हणजे 'हामोन नको, अंडे नको' असे आधी सांगितले तर तो साधा मिळतो. 'पापास आलिन्यास' ही बटाट्याची कोशिंबीर. तीत बरेचदा ट्यूना मासा आणि अंडे असते. 'क्रोकेता' दिसायला बटाटावडा, आत बहुधा हामोन किंवा कोंबडी. नुसते 'मी शाकाहारी' म्हटले तर काही ठिकाणी ट्यूना चालेल असे गृहीत धरतात. म्हणून काय खात नाही त्याची यादीच सांगणे चांगले.

गोमांस टाळणाऱ्यांनी 'तेर्नेरा', 'बाका', 'बुएय' आणि 'तोरो' हे शब्द ओळखावेत. 'काऱ्हियादा' म्हणजे गालाचे मांस. ते डुकराचे किंवा बैलाचे, दोन्ही असू शकते. डुकराला 'सेर्दो' आणि त्याच्या चरबीला 'मान्तेका' म्हणतात.

शेवटी ती साधा साल्मोरेहो घेते. उन्हात तापलेल्या जिवाला तो थंड सार अमृतासारखा लागतो. तो मागवतो 'कासोन एन आदोबो'. व्हिनेगर, लसूण, जिरे आणि लाल पूड यांत मुरवून तळलेला मुशीच्या जातीचा मासा. पहिल्याच घासाला त्याला गोवा आठवतो, आणि ते उगीच नाही. पोर्तुगीजांची मांस व्हिनेगर-लसणीत मुरवण्याची रीत 'व्हिन्या द आल्योस' या नावाने गोव्यात गेली आणि तिचेच 'विंदालू' झाले. आयबेरियाच्या दोन शेजाऱ्यांची ही एकाच जातीची पाकक्रिया.

साल्मोरेहो चार युरो, मासा साडेचार. वर एक 'तिंतो दे वेरानो', म्हणजे लाल वाइनमध्ये लिंबाचे सोडापेय, तीन युरो. साडेअकरा. आतापर्यंत साडेवीस.

तिसरे दार

रात्रीचे साडेदहा. दोघांचे पाय दुखू लागलेले. "झाले की आता," ती म्हणते, पण चालताना नजर फळ्यांवरच आहे. तोच एका दारापाशी थांबून आत विचारतो. या वेळी वाक्य त्याने पाठ केले आहे. इथे भाज्यांची कढई वेगळी आहे. आणि पिठात अंडे? 'नो.'

"बस," तो म्हणतो. "आता पैशांचा हिशेब मी करतो. तू खा."

वांग्याची बशी येते. पाच युरो. अडीच युरोंची ऑलिव्ह. सेव्हिलच्या परिसरातली टपोरी 'गोर्दाल' जातीची. बशी दोघांत असते, पण तो फक्त दोनच काप उचलतो. बाकी सगळी ती एकटी खाते. कुरकुरीत कडा, आत लोण्यासारखे वांगे, वर गोड-कडवट काकवी. लहानपणी आजोळी भाकरीबरोबर खाल्लेली काकवी हजारो मैलांवर अशी भेटेल असे तिला वाटले नव्हते.

एकूण हिशेब अठ्ठावीस युरो. एक युरो शंभर रुपये धरला, तर दोघांचे अठ्ठावीसशे. रक्कम लहान नाही. इंदुरात तेवढ्यात बराच किराणा येतो. पण आयुष्यात एकदा पाहिलेल्या शहरातली ती एक पूर्ण संध्याकाळ होती. तीन दारे, एक पूल, एक माघार आणि एक मनासारखी बशी. आणि मुख्य म्हणजे, तिने घरच्या कोणाला तरी आवडते म्हणून नव्हे, तर स्वतःला हवे म्हणून मागवलेली.

दशम्या पिशवीतच राहतात. दुसऱ्या दिवशी आगगाडीत त्यांचा समाचार घेतला जातोच!

चैन म्हणजे उधळपट्टी नव्हे. तापासच्या बशीचे सगळे मर्मच त्यात आहे. थोडे घ्या, मनापासून घ्या, नाही पटले तर पुढच्या दाराला जा. मोठ्या उपाहारगृहात एकदा मागवले, की आवडो न आवडो, संपवावे लागते. इथे चूक झाली तरी तीन-चार युरोंची. ज्यांनी जन्मभर स्वतःसाठी काही मागितले नाही, त्यांना मागायला शिकण्यासाठी याहून स्वस्त शाळा नसेल.

निघण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवा

● दुपारचे जेवण दोन ते चार, रात्रीचे नऊनंतर. मधल्या वेळेसाठी दाणे-चिवडा जवळ ठेवा.

● एका ठिकाणी एक-दोनच बश्या मागवा. बाहेर अंगणातल्या टेबलापेक्षा आत काउंटरशी उभ्याने खाणे अनेक ठिकाणी स्वस्त पडते.

● आपण काय खात नाही ते कागदावर स्पॅनिशमध्ये लिहून न्या : 'नो कोमो कार्ने, नी हामोन, नी पेस्कादो, नी वेवो.' म्हणजे मांस, हामोन, मासे, अंडे खात नाही.

● शेंगदाणे, दूध, गहू यांसारख्या गोष्टींची अॅलर्जी असेल तर जरूर विचारा. डिसेंबर २०१४ पासून युरोपीय संघाच्या नियमानुसार चौदा प्रमुख घटकांची माहिती गिऱ्हाइकाला देणे बंधनकारक आहे.

● हिशेब मागायला 'ला क्वेन्ता, पोर फाव्होर' म्हणा. बक्षिशीची सक्ती नाही. खूश झालात तर थोडी चिल्लर ठेवा.

● गर्दीच्या बारमध्ये पर्स खुर्चीला अडकवू नका. ती पुढे, हाताखाली धरा.

● जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिलचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. मार्च ते मे किंवा ऑक्टोबर हा काळ सुखाचा. मात्र ईस्टरच्या आधीचा आठवडा आणि वसंतातली जत्रा या दिवसांत खोल्यांचे दर चढतात. आरक्षण फार आधी करावे लागते.